अध्याय नसलेलं पुस्तक

औरंगपुऱ्यामागच्या गल्लीतल्या त्या सार्वजनिक वाचनालयात पुस्तकं वाचायला कोणी येत नाही, ही गोष्ट अप्पारावांनी चिटणीस झाल्यापासून मोठ्या हुशारीनं झाकून ठेवली होती. खालच्या हॉलमध्ये स्पर्धा परीक्षेची पोरं सकाळपासून येऊन बसायची. पुस्तकं त्यांची, बाटल्या त्यांच्या, डबेही त्यांचेच. वाचनालयाची पुस्तकं त्यांना लागायची नाहीत असं मात्र नाही. टेबलफॅन उंच करायला शब्दकोशासारखी दुसरी वस्तू नाही. वार्षिक अहवालात अप्पाराव या सगळ्यांना ‘नियमित वाचक’ म्हणून धरायचे आणि खाली सही ठोकायचे.

वरच्या मजल्यावर ग्रंथदालन होतं. भिंतीला लागून कपाटं, शेवटच्या दोन कपाटांच्या मधल्या बोळकांडीत अप्पारावांचं टेबल, हातांची खुर्ची आणि डोक्यावर एक पंखा. दुपारचं जेवण झालं की अप्पाराव तिथं ग्रंथांची देखरेख करायचे. ही देखरेख डोळे मिटून आणि पाय दुसऱ्या खुर्चीवर ठेवून करावी लागे. घरी त्यांना झोप येत नसे. घरी टीव्ही होता, नातवंडं होती, शिवाय बायको होती, तिला अप्पाराव झोपलेले दिसले की नेमकं काहीतरी आठवायचं. जुन्या कागदाच्या वासात मात्र ते असे गाढ झोपायचे की काय सांगावं. अप्पारावांचं ग्रंथांवर प्रेम होतं आणि ते अगदी खरं होतं. फक्त ते वाचण्यापर्यंत गेलेलं नव्हतं.

या सुखाला दृष्ट लागली ती काकासाहेबांची. काकासाहेब वाचनालयाचे अध्यक्ष. बिडकीनकडं कारखाने यायला लागले तेव्हापासून त्यांचा प्लॉटिंगचा धंदा जोरात होता, आणि कुठंही मोकळी जागा दिसली की त्यांचे पाय आपोआप ती मोजायला लागायचे. एका डिसेंबरात ते ग्रंथदालनात आले, काळा गॉगल न काढता या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत चालले आणि म्हणाले, “अप्पाराव, इथं साठ पोरं बसतात. एसी, केबिन, चार्जिंगची सोय. एकदम फर्स्ट क्लास अभ्यासिका.”

“आणि पुस्तकं?”

“गच्चीवर. ताडपत्री टाकू ना यार.”

अप्पारावांच्या डोळ्यांसमोर आपली खुर्ची ताडपत्रीखाली आली. माणूस संकटात सापडला की काहीतरी बोलून बसतो. विश्वस्तांच्या बैठकीत ते उभे राहिले आणि पुतण्याच्या मोबाईलवर कधीतरी पाहिलेली गोष्ट त्यांनी स्वतःची म्हणून सांगितली. परदेशातली वाचनालयं म्हणे वर्षभराचं वाचन आव्हान देतात, आणि लोक ते घेतात. आपणही देऊ. महिन्याला एक पुस्तक. वाचक नाहीत असं कोण म्हणतं?

“मी म्हणतो,” काकासाहेब म्हणाले. “पण ठीक आहे. वर्ष दिलं. पुढच्या डिसेंबरअखेर एका माणसानं, अप्पाराव, फक्त एकानं, इथली बारा पुस्तकं पुरी वाचली तर कपाटांना हात लावणार नाही. नाही वाचली तर ताडपत्री. आणि तुम्ही पदाधिकारी, तुम्ही धरायचे नाहीत.”

शेवटची अट अनावश्यक होती, पण अप्पारावांनी चेहऱ्यावर थोडी हळहळ आणली.

आव्हानाला प्रतिसाद तुफान मिळाला. उद्घाटनाला कचोरी होती. एका प्राध्यापकांनी पहिल्या महिन्यात पुस्तक आणि कॉफीचा कप असा फोटो टाकला. दुसऱ्या महिन्यात नुसता कॉफीचा कप आला. छावणीतल्या एका भावी नगरसेवकानं नाव नोंदवलं त्याच संध्याकाळी चौकात स्वतःचा फ्लेक्स लावला, ‘वाचनवीर, हार्दिक अभिनंदन’, खाली शुभेच्छुकांचे पासपोर्ट फोटो. फ्लेक्स लागल्यावर त्याला काम झाल्यासारखं वाटलं, आणि एका अर्थानं ते झालंच होतं. मेघा नावाच्या एका शिक्षिकेनं मात्र मनापासून नाव घातलं होतं. तिला लगेच मतदार याद्यांचं काम लागलं, मग कसल्या तरी सर्वेक्षणाचं, आणि वाचणं हे शिक्षकाचं काम नव्हे हे तिला खात्यानंच पटवून दिलं.

पण मेघा नाव घालायला आली होती तेव्हा तिच्या स्कूटीवर मागं मेथीच्या जुड्या मांडीवर घेऊन तिची सासू बसली होती. मनकर्णाबाई, गंगापूरच्या. नवरा गेल्यावर ऊस भावकीला सांभाळायला देऊन सिडकोत मुलाकडं राहायला आलेल्या. त्या जिना चढून वर आल्या, कपाटांकडं पाहून त्यांनी नकळत चपला दाराबाहेर काढल्या आणि विचारलं, “हे किती दिसाचं असतंय भाऊ?”

“वर्षभराचं. महिन्याला एक पुस्तक वाचायचं.”

“सोवळं लागतं का?”

अप्पारावांनी नियमावली आठवून पाहिली. “ऐच्छिक आहे,” ते म्हणाले.

“मंग लिवा माझं नाव.”

“कोणतं पुस्तक देऊ? कथा आहेत, प्रवासवर्णनं आहेत...”

“पहिलं द्या.”

“पहिलं म्हणजे?”

“पहिल्या कपाटातलं पहिलं. पोथी कुनी मदूनच सुरू करतं का?”

पहिल्या कपाटातलं पहिलं पुस्तक कुक्कुटपालनावर होतं. बाईंनी ते पदराखाली धरून नेलं.

पुढं काय झालं ते अप्पारावांना मेघाकडून कळत गेलं. बाईंना वाचायची एकच पद्धत ठाऊक होती. गंगापूरला त्यांनी आयुष्यभर पोथ्यांची पारायणं केली होती, त्याच शिस्तीत त्यांनी कोंबड्या हाती घेतल्या. पहाटे आंघोळ, चौरंगावर लाल कापड, त्यावर पुस्तक, उदबत्ती, आणि मग खणखणीत सुरात मोठ्यानं वाचन. मुखपृष्ठापासून मलपृष्ठापर्यंत, काही गाळायचं नाही. प्रकाशकाचा पत्ता, मुद्रकाचा पत्ता, सर्व हक्क स्वाधीन. एक अध्याय संपला की पुस्तक कपाळाला लावायचं आणि मगच उठायचं. शेजारच्या चार बायका ऐकायला येऊन बसू लागल्या. ‘साथीचे रोग व उपाय’ हा अध्याय पुरा झाला त्या दिवशी शिरा वाटला गेला. ज्यांचं पारायण चाललंय त्यांचंच खाणं बरं दिसत नाही म्हणून त्या महिन्यात सबंध गल्लीत कुणी अंडं खाल्लं नाही.

दुसरं पुस्तक म्हणजे रेल्वेचं जुनं बांधीव वेळापत्रक होतं. गाडी मनमाडला पोचली की बायका हात जोडायच्या. तिसरं आयकराचं विवरणपत्र कसं भरावं यावर होतं, तो महिना जरा कडक गेला, पण बाईंनी एक कलम सोडलं नाही. चौथ्यात होमिओपॅथी निघाली, भाग दुसरा. भाग पहिला कुठंय म्हणून बाई स्वतः येऊन चौकशी करून गेल्या. अप्पारावांनी तो वाचायला गेलाय असं सांगितलं. तो टेबलफॅनखाली होता.

दिवाळीपर्यंत बाकी सगळे वाचनवीर गारद झाले होते. उरल्या एकट्या मनकर्णाबाई, आणि नोव्हेंबरअखेर त्यांची अकरा झाली. अप्पाराव दुपारी आता आणखी निर्धास्तपणे देखरेख करू लागले. आणि मग डिसेंबरात बारावं पुस्तक निघालं.

ते पाटबंधारे खात्यातल्या एका निवृत्त साहेबांचं आत्मचरित्र होतं. स्वखर्चानं छापलेलं, मोठा टाईप, जाड कागद. साहेब वारून बरीच वर्षं झाली होती. बाईंनी ते पुढून चाळलं, मागून चाळलं आणि त्यांचा चेहरा गंभीर झाला.

“भाऊ, यात अध्याय कुठं हायेत?”

अप्पारावांनी पाहिलं. अध्याय नव्हते. साहेबांनी जन्मापासून निवृत्तीपर्यंत एका दमात लिहिलं होतं, मध्ये कुठं थांबावं असं त्यांना वाटलंच नव्हतं.

“नाहीत वाटतं.”

“मंग उठायचं कुठं?”

“कुठंही उठा की.”

बाईंनी त्यांच्याकडं असं पाहिलं, जसं काही त्यांनी देवळात चूळ भरली होती. “अध्यायाच्या मदी उठलं की खंड पडला. खंड पडला की पुन्हा पहिल्या पानापासून. यात अध्यायच नाय, म्हंजे बसलं की संपवूनच उठायचं.”

“मग असं करू, हे राहू द्या. पुढचं घ्या. कवितांचं आहे, पातळ आहे.”

“आन ह्या बिचाऱ्यानं काय पाप केलं?” असं म्हणून बाईंनी पुस्तक पदराखाली घेतलं.

पहिल्यांदा त्या बसल्या तेव्हा साहेब शाळेत जायला लागले होते आणि गॅसची टाकी आली. खंड. दुसऱ्यांदा साहेबांना नोकरी लागली आणि कुरिअरवाला आला, सही त्याला बाईंचीच पाहिजे होती. खंड. तिसऱ्यांदा साहेबांचं लग्न ठरलं एवढ्यात गंगापूरहून भावकीतलं माणूस जीपनं आलं आणि दारातून हाका मारायला लागलं. चौथ्यांदा सगळं निर्विघ्न चाललं होतं, पुस्तक निम्म्यावर आलं होतं, तेव्हा अप्पारावांना राहवेना म्हणून ते बसनं सिडकोत आले आणि खिडकीतून त्यांनी हळूच विचारलं, “संपलं का बाई?”

आतला सूर थांबला. बाहेर मेघा कपाळाला हात लावून उभी होती. “काका,” ती म्हणाली, “तुम्ही काकासाहेबांच्या बाजूनं आहात की आपल्या?”

अशा रीतीनं एकतीस डिसेंबर उजाडला. संध्याकाळी विश्वस्तांची बैठक होती. ताडपत्री आदल्या दिवशीच येऊन जिन्यात पडली होती, निळी, नवीकोरी. अप्पारावांनी ठरवलं की आज आपण स्वतः पहारा द्यायचा. बैठकीसाठी शिवून घेतलेला सफारी घालून ते पहाटेच बाईंच्या घरी हजर झाले. बेल काढून ठेवली. मेघाला आणि तिच्या नवऱ्याला कामावर पाठवलं. भाजीवाल्याला कोपऱ्यावरूनच माघारी लावलं. गल्लीतल्या कुत्र्याला बिस्किटं दिली. आत उदबत्ती लागली, सूर लागला, साहेब जन्मले, शाळेत गेले, नोकरीला लागले, त्यांचं लग्नही पार पडलं. अप्पाराव ओट्यावर बसून एक-एक पान उलटल्याचा आवाज कान देऊन ऐकत होते. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना एखादं पुस्तक संपायची इतकी ओढ लागली होती.

दुपार कलली, शेवटची पन्नासेक पानं उरली, आणि गल्लीत पाणी सुटलं.

या शहरात ज्यानं दिवस काढलेत त्याला पुढचं सांगायला नको. इथं पाणी रोज येत नाही. येतं तेव्हा पाहुण्यासारखं येतं, न सांगता, आणि घटकाभर बसून जातं, मग पुढचे किती दिवस त्याची वाट पाहायची ते त्यालाच माहीत. लग्नातला मांडव असो की मयताचा, पाणी आलं म्हटलं की माणसं उठतात. गल्लीत दारं धडाधड उघडली, मोटारी गुरगुरल्या. आणि आत मनकर्णाबाईंच्या सुरात एक बारीक कंप आला, जो वेळापत्रकातल्या अपघाताच्या सूचनांनाही आला नव्हता.

अप्पाराव दारात धावले. बाई बसल्या होत्या, नजर पुस्तकावर, पण एक गुडघा वर उचलला गेला होता.

“उठू नका,” अप्पाराव कुजबुजले. “मी भरतो.”

गुडघा खाली गेला. सूर पुन्हा स्थिर झाला, आणि त्याच सुरात, त्याच ठेक्यात आतून ऐकू आलं: “...तदनंतर मुख्य अभियंत्यांनी माझ्याकडे पाहून स्मित केले आणि... मोरीतला निळा ड्रम आदी खंगाळून घ्या, तळाला गाळ हाय... मी विनम्रपणे उत्तरलो, साहेब, कालव्याचे काम... पाइप वरच्या खुंटीला हाय, तोंडाला कापड बांदा... मार्चअखेर पूर्ण होईल...”

अप्पारावांनी सफारीच्या बाह्या वर केल्या. निळा ड्रम खंगाळला, भरला. मग पांढरा ड्रम, मग हंडे, कळशा, बादल्या, शेवटी कुकर. साहेबांची बदली झाली तेव्हा माठ भरायचा राहिल्याचं त्यांना बदलीच्या हुकुमासोबतच कळलं. साहेबांना बढती मिळाली तेव्हा शेजारच्या म्हाताऱ्या आजींचे दोन हंडे भरून देण्याविषयीही उल्लेख आला. साहेब निवृत्त झाले, निरोपसमारंभात त्यांचे डोळे पाणावले, आणि नळ फुस्स करून थांबला. बाईंनी मुद्रकाचा पत्ता वाचला, पुस्तक कपाळाला लावलं आणि त्या उठल्या.

“झालं,” त्या म्हणाल्या. मग मोरीत डोकावून, “कुकर कशाला भरला?”

बैठकीला अप्पाराव ओल्या सफारीतच गेले. रिक्षात त्यांच्या शेजारी बाई बसल्या होत्या, मांडीवर लाल कापडात गुंडाळलेलं पुस्तक. वर ग्रंथदालनात काकासाहेब आणि बाकीचे विश्वस्त कचोरीची वाट पाहत होते.

“बारा पूर्ण,” अप्पाराव म्हणाले.

“अरे वा,” काकासाहेब म्हणाले. “बाई, मनापासून अभिनंदन. पण वाचलं म्हणजे नुसतं डोळ्यांखालून घातलं असं नाही ना. सांगा बरं, काय आहे या पुस्तकात?”

आजवर बाईंना कुणी असं विचारलं नव्हतं. पोथीत काय आहे हे कोणी विचारत नाही, ती झाली का एवढंच विचारतात. त्यांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं.

“भला मानूस व्हता,” त्या म्हणाल्या. “लई विनम्र. बदल्या लई झाल्या. मुख्य साहेब त्याच्याकडं बघून हसला. मंग त्यानं निळा ड्रम खंगाळला.”

“काय खंगाळला?”

“ड्रम. तळाला गाळ व्हता.”

अप्पारावांनी डोळे मिटले. हे ते नेहमी करायचे, पण या वेळी झोप येत नव्हती.

काकासाहेब खुर्चीत मागं रेलले. “बाई, एवढ्या मोठ्या अधिकाऱ्याच्या आत्मचरित्रात ड्रम कशाला येईल? अप्पाराव, सॉरी. पुस्तक वाचलेलं नाही. उद्या सकाळी कपाटं उचलू.”

बाकीच्यांनी माना हलवल्या. दारात कचोरी आली होती. अप्पारावांना आपली खुर्ची दिसली, पंखा दिसला, आणि मग त्यांच्या तोंडून जे निघालं ते त्यांनाही नवीन होतं.

“कशावरून ड्रम नाही?”

“म्हणजे?”

“साहेब पाटबंधाऱ्यातले. सगळा जन्म पाण्यात गेला. ड्रम असूही शकतो. नाही असं कोण म्हणतं? ज्यानं वाचलंय त्यानं म्हणावं.” त्यांनी टेबलाभोवती पाहिलं. “वाचलंय का कोणी?”

विश्वस्तांपैकी एकानं चष्मा पुसायला काढला. दुसऱ्याला फोन आला, तो वाजला मात्र नाही. काकासाहेब हसले. “आम्हाला काय तेवढाच धंदा आहे का? हे कोण वाचणार यार?”

“असं कसं,” मनकर्णाबाई म्हणाल्या, “तुमी तर वाचलंय.”

“मी?”

“पयलंच पान तुमचं हाय की. फोटो हाय, गॉगल हाय.” आणि बाईंनी पुस्तक न उघडताच सुरुवात केली. पाच वेळा पहिल्यापासून सुरू केल्यामुळं सुरुवातीची पानं त्यांना तोंडपाठ झाली होती. चौरंगापुढच्याच त्या सुरात सगळ्या दालनाला ऐकू गेलं: “प्रस्तावना. हे पुस्तक हाती घेतले आणि एका बैठकीत वाचून संपवूनच खाली ठेवले. यातील प्रत्येक प्रसंग माझ्या हृदयावर कोरला गेला आहे. पानोपानी डोळे पाणावतात. आपला, काकासाहेब, उद्योजक व समाजसेवक.”

खालच्या हॉलमधली दोन-तीन पोरं जिन्यात येऊन उभी राहिली होती. त्यांच्या हातात मोबाईल होते.

“म्हणजे काकासाहेबांना माहीतच असणार,” अप्पाराव अदबीनं म्हणाले. “हृदयावर कोरलंय म्हटल्यावर. सांगा काकासाहेब. ड्रम आहे की नाही?”

काकासाहेबांनी पुस्तक हातात घेतलं. उघडलं. सगळीकडं नुसती अक्षरं होती, कुठं मथळा नाही, कुठं श्वास घ्यायला जागा नाही. नाही म्हणावं आणि कुठल्या तरी पानावर ड्रम निघाला, तर पोरांचे मोबाईल होतेच. आहे म्हणावं तर कपाटं राहिली. वाचलंच नाही म्हणावं, तर प्रस्तावना छापील होती, आणि तिच्या प्रती शहरातल्या निम्म्या घरांत, न वाचलेल्या असल्या तरी, होत्या.

“बरीच वर्षं झाली वाचून,” ते शेवटी म्हणाले. “एकदा पुन्हा नजरेखालून घालतो. खात्री करूनच निर्णय घ्यावा. घाई बरी नाही.”

“तोपर्यंत कपाटं?”

“तोपर्यंत राहू द्या.”

इतिवृत्तात तशी नोंद झाली. मनकर्णाबाईंनी कचोरी नको म्हटलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी येऊन तेरावं पुस्तक नेलं, कवितांचं, पातळ. त्यात ओळी अर्ध्यातच का संपतात याची त्यांनी तक्रार केली, पण नेलं.

आत्मचरित्र काकासाहेबांच्या गाडीत, पुढच्या काचेखाली आहे. उन्हानं त्याचं मुखपृष्ठ वळलंय. महिन्याच्या बैठकीला अप्पाराव, झोप पूर्ण झालेल्या माणसाच्या प्रसन्न चेहऱ्यानं, न चुकता विषय काढतात, आणि काकासाहेबांना न चुकता उत्तर द्यावं लागतं.

“वाचतोय,” परवा ते म्हणाले. “अजून ड्रम आलेला नाही. पण वातावरण तसं वाटतंय.”